शिनो चहापात्र

जाड पांढऱ्या झिलईखाली लोहरंगाने चित्र रेखलेला, हाताने घडवलेला, ‘शिनो’ या मृत्पात्रशैलीतला जपानी चहाचा वाडगा. जपानीत चहाच्या वाडग्याला ‘चावान’ म्हणतात आणि चित्र असलेल्या शिनोला ‘ए-शिनो’. ‘ए’ म्हणजे चित्र. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मोमोयामा काळात, मिनो प्रांतातल्या (आताच्या गिफू प्रीफेक्चरचा दक्षिण भाग) भट्ट्यांतून ही पात्रे निघाली. पांढऱ्या झिलईची आणि झिलईखाली कुंचल्याने चितारलेली ही जपानमधील पहिली मृत्पात्रे मानली जातात.

वाडग्याची माती फिकट, रेताड आणि काहीशी भुसभुशीत असते. चाकावर उठवलेला गोल आकार कुंभार मुद्दाम थोडा वाकडा करतो आणि बाजू पातीने तासतो. त्यावर ‘ओनि-इता’ या लोहयुक्त खनिजाच्या रंगाने चित्र काढले जाते. वर जवळजवळ निव्वळ फेल्स्पार या खनिजाची दाट झिलई चढते. ती भट्टीतही चिकट राहते, सहज ओघळत नाही. तिच्यातले बुडबुडे फुटून पृष्ठभागावर बारीक छिद्रे उरतात. युझु या लिंबवर्गीय फळाच्या सालीवरून जपानी लोक त्याला ‘युझुहादा’ म्हणतात. झिलई पातळ असते तिथे मातीतल्या लोहामुळे तांबूस झाक येते. मिनोच्या एकाच दालनाच्या ‘ओगामा’ भट्टीतल्या सावकाश भाजणीला हे सारे साधत असे.

चित्रांचे विषय साधे आहेत: बांबूचे कुंपण, गवताची पाती, कमानी पूल, बांबूचा कोवळा कोंब. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातील ‘हाशिहिमे’ या वाडग्यावर असाच एक पूल आहे. रेषा चारदोनच असतात आणि झिलईखाली त्या कुठे ठळक, कुठे धुक्यात गेल्यासारख्या दिसतात. काय दिसावे आणि किती बुडावे, हे शेवटी चित्रकार ठरवत नाही, झिलई ठरवते. शिनोचे सौंदर्य मुख्यतः याच अर्धवट बुडालेल्या रेषेत आहे. ‘नेझुमी-शिनो’त पद्धत उलटी: आधी लोहयुक्त पातळ लेप, मग तो खरवडून काढलेली नक्षी, आणि वर झिलई. तिथे जमीन उंदराच्या रंगासारखी करडी होते आणि रेषा पांढरी उमटते.

चहाविधीत वाडग्याला दर्शनी बाजू असते. यजमान ती पाहुण्याकडे करून ठेवतो. पाहुणा वाडगा हातात फिरवतो, म्हणजे चित्राच्या बाजूला ओठ लागत नाहीत. आत घुसळलेला हिरवा माच्चा (चहाच्या पानांच्या पुडीचा चहा) पांढऱ्या जमिनीवर विलक्षण खुलतो.

सर्वांत प्रसिद्ध शिनो वाडगा म्हणजे तोक्योच्या मित्सुई स्मारक संग्रहालयातील ‘उनोहानागाकी’. त्याचा व्यास सुमारे 12 सेंमी. त्यावरच्या आडव्यातिडव्या लोहरेषा कुंपणासारख्या दिसतात आणि झिलई ‘उनोहाना’ या झुडपाच्या पांढऱ्या फुलांसारखी. पेटीच्या झाकणात चिकटवलेल्या कवितेवरून हे नाव आले: डोंगरातल्या खेड्यात या फुलांच्या कुंपणांमधून जाताना बर्फ तुडवत चालल्यासारखे वाटते, असा तिचा आशय. 1959 मध्ये हा वाडगा राष्ट्रीय ठेवा घोषित झाला. असा मान मिळालेल्या आठ चहापात्रांपैकी पाच चिनी आणि एक कोरियन आहे. जपानमध्ये घडलेली दोनच: हे, आणि जपानी कलावंत होनामी कोएत्सू याने घडवलेले ‘फुजिसान’.

सतराव्या शतकाच्या आरंभी क्यूशू बेटावरच्या कारात्सूकडून अनेक दालनांची चढती भट्टी मिनोत आली, ओरिबे शैलीची पात्रे पुढे आली आणि जुने शिनो मागे पडले. ते कुठे घडत होते याचाही विसर पडला. ती पात्रे शेजारच्या सेतो या कुंभारकामाच्या गावची समजली जात. 1930 मध्ये कुंभार आराकावा तोयोझो (1894–1985) यांनी नागोयात बांबूच्या कोंबाचे चित्र असलेला एक शिनो वाडगा हाताळला. त्याच्या बैठकीला चिकटलेला तांबूस मातीचा कण सेतोच्या मातीशी जुळेना. काही दिवसांतच ते मिनोतल्या ओगाया येथील मुताबोरा या जुन्या भट्टीच्या जागी गेले आणि तिथे त्यांना तसाच कोंब रेखलेली खापरी मिळाली. एका खापरीने कित्येक पिढ्यांची समजूत पुसली. पुढे त्यांनी तिथेच जुन्या पद्धतीची भट्टी बांधली आणि हरवलेली शिनो झिलई पुन्हा साधण्यासाठी वर्षानुवर्षे भाजणीचे प्रयोग केले. 1955 मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. भट्टीची ती जागा आज कानि शहरात आहे.