पेंढा, राख आणि शिसं : आन्झेल्म कीफर यांच्या कलेमागचा इतिहास

जर्मन चित्रकार आणि शिल्पकार आन्झेल्म कीफर यांचा जन्म ८ मार्च १९४५चा, जर्मनीतल्या डोनाउएशिंगेन गावातला. युद्ध संपायला दोनच महिने उरले होते. बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटा गोळा करून घरं रचायची, हा त्यांचा लहानपणीचा खेळ. वडील युद्धात जर्मन सैन्यातले अधिकारी. हिटलरच्या काळाबद्दल मात्र मोठी माणसं फारसं बोलतच नसत. कीफर यांची कला समजून घ्यायची तर सुरुवात या गप्प बसण्यापासूनच करायला हवी, असं मला वाटतं.

कायद्याचं शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले. १९६९मध्ये वडिलांचा लष्करी पोशाख घालून ते स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटलीत फिरले आणि जागोजागी नाझी सलामीसाठी हात वर करून त्यांनी स्वतःचे फोटो काढून घेतले. जर्मनीत या सलामीवर कायद्यानं बंदी आहे. १९७५मध्ये ते फोटो एका कलाविषयक नियतकालिकात छापून आले तेव्हा लोक भडकले. पण फोटो शांतपणे पाहावेत. अफाट समुद्रापुढे एकटाच उभा असलेला इवलासा माणूस. समोर ना सैन्य, ना गर्दी. तेव्हा मी असतो तर काय केलं असतं, हा त्यांचा प्रश्न त्यात आहे. योसेफ बॉइस यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंताला तो कळला होता.

१९८०च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी चित्रकार गेओर्ग बाझेलित्स यांच्यासोबत पश्चिम जर्मनीचं प्रतिनिधित्व केलं. लगेचच्या वर्षांत त्यांची, माझ्या मते, सर्वांत थोर चित्रं झाली. त्यांच्यामागे एक कविता आहे. पाउल त्सेलान या ज्यू कवीचे आईवडील छळछावणीत मरण पावले. त्यानं मारेकऱ्यांच्याच जर्मन भाषेत ती कविता लिहिली. तिच्यात सोनेरी केसांची जर्मन मार्गारेटे आहे आणि राखेच्या केसांची ज्यू शुलामिथ. कीफर यांनी १९८१मध्ये मार्गारेटेचे केस म्हणून कॅनव्हासवर खरा पेंढा चिकटवला. १९८३च्या ‘शुलामिथ’मध्ये तर बाई दिसतच नाही. दिसतो विटांच्या कमानींचा काळवंडलेला दालनमार्ग, नाझी वास्तुरचनाकार विल्हेल्म क्राइस यानं जर्मन सैनिकांच्या स्मारकासाठी आखलेला, आणि पार टोकाला ज्यूंच्या सात दिव्यांच्या समईची आठवण देणाऱ्या सात लहान ज्योती. मारणाऱ्यांचं स्मारक त्यांनी मेलेल्यांना देऊन टाकलं.

त्यांच्या कलेत शिसं आलं ते जर्मनीतल्या कलोन शहराच्या कॅथीड्रलमधून. छताची दुरुस्ती चालू असताना उतरवलेले शिशाचे पत्रे त्यांनी १९८०च्या दशकात विकत घेतले आणि त्यांतून शेकडो किलोंची पुस्तकं घडवली. माणसाच्या इतिहासाचं ओझं पेलेल इतकं जड फक्त शिसंच, असं ते सांगत आले आहेत.

१९९०च्या दशकात ते फ्रान्समध्ये गेले. दक्षिणेत बार्जाकला रेशमाच्या एका बंद कारखान्याभोवती त्यांनी भुयारं खणली आणि मालवाहू कंटेनरचा साचा करून काँक्रीटचे वाकडेतिकडे मनोरे उभारले. ‘ला रिबोत’ नावाची ही जागा २०२२पासून लोकांना पाहायला खुली आहे.