सूचिचिकित्सा व हस्तोपचार, खांदेदुखीवरील

खांदा व दंड यांच्या जुनाट दुखण्यावर, विशेषतः आखडलेल्या खांद्यावर (फ्रोजन शोल्डर), ठरावीक बिंदूंत बारीक सुया टोचून (ॲक्युपंक्चर) आणि हातांनी सांधा हलवून वा स्नायू दाबून केले जाणारे उपचार. चिनी हस्तोपचारास त्वेना म्हणतात. चिनी व जपानी बोलीत या विकाराचे नावच ‘पन्नाशीचा खांदा’ असे आहे.

सूचिचिकित्सेच्या उगमकाळाविषयी एकमत नाही. अश्मयुगीन टोकदार दगडांपासून तिची परंपरा लावण्याचा प्रघात जुना आहे. तथापि असे दगड गळवे फोडण्यासाठीही वापरता येतात, म्हणून तो पुरावा दुबळा वाटतो. १९७३ मध्ये माव्हांगद्वे (हूनान प्रांत) येथील, चीनमधील इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यातून निघालेली हस्तलिखिते अधिक महत्त्वाची होत. त्यांत अकरा वाहिन्यांचे (शरीरभर पसरलेल्या मानलेल्या मार्गांचे) वर्णन असून एकीचे नाव ‘खांद्याची वाहिनी’ असे आहे. मात्र उपाय सांगितला आहे तो दवण्याच्या कुळातील पाला जाळून डाग देण्याचा. वाहिन्यांवर सुई टोचण्याचा नाही. हीच वाहिनी ह्वांगदी नेजिंग या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात लहान आतड्याशी जोडली गेली. तिच्या विकारात खांदा उपटल्यासारखा व दंड मोडल्यासारखा होतो, असे तेथे म्हटले आहे आणि सुईचा सविस्तर विचारही तेथेच आढळतो. हा ग्रंथ सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानतात. काही भाग नंतरचे असावेत. तेव्हा खांद्याची वाहिनी आधी आणि सुई मागाहून, हा क्रम अधिक संभाव्य दिसतो.

सुश्रुतसंहितेतील अवबाहुक हा विकार आखडलेल्या खांद्याशी बराच जुळतो. त्यावर काहींच्या मते दोन्ही खांद्यांच्या मध्ये शिरेचा वेध करावा, असे तेथे नमूद आहे. पण हे रक्तमोक्षण (शीर टोचून रक्त काढणे) होय. त्यावरून सूचिचिकित्सेचा उगम भारतीय ठरवणे घाईचे होईल.

खांद्याभोवतीचे जिआनयू, जिआनल्याव व जिआनजेन हे बिंदू नेहमीचे. नडगीजवळच्या त्याओखोव बिंदूत सुई फिरवत असताना रुग्णाला हात उचलायला लावण्याचीही रीत आहे. हस्तोपचारात ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांच्या सांधा हलवण्याच्या श्रेणी प्रचलित आहेत : पहिल्या दोन वेदना शमवण्यासाठी, तिसरी व चौथी ताठरपणा सोडवण्यासाठी. दुखऱ्या अवस्थेत सांधा जोराने ओढणे टाळावे. खांद्याच्या माथ्यावर वा छातीजवळ खोल टोचल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. डाव्या हाताच्या कळा हृदयविकाराच्याही असतात, म्हणून निदान आधी व्हावे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते.

परिणामकारकतेविषयी निष्कर्ष संमिश्र आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२४ रुग्णांवरील जर्मन चाचणीत खऱ्या सूचिचिकित्सेने खोट्या (तुलनेसाठी केलेल्या दिखाऊ) टोचणीपेक्षा व नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडला. उलट २००५ च्या कॉक्रेन समीक्षेला (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) पुरावा अपुरा वाटला. हस्तोपचार व व्यायाम यांचा गुण अल्पकाळात स्टेरॉइडच्या इंजेक्शनइतका दिसत नसावा, असे २०१४ ची समीक्षा सुचवते. या उपचारांकडे व्यायामाला पूरक म्हणून पाहणे सयुक्तिक वाटते.

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी, कोलकात्याचे बिजयकुमार बसू यांनी पुढे सूचिचिकित्सा चीनमध्ये शिकून भारतात आणली. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमान्वये या व्यवसायाचे नियमन केले आहे.