दूतावासासमोरचा पुतळा नक्की कुणाच्या जमिनीवर?

नाशिकचं शालिमार असो की नाशिकरोड, आपल्याकडे पुतळा म्हटलं की पहिला प्रश्न जागा कुणाची आणि नाहरकत कोण देणार. वॉशिंग्टनमध्ये दूतावासांसमोर जे पुतळे आहेत त्यांचीही खरी गोष्ट जागेचीच आहे.

१९६६ मध्ये ब्रिटिश दूतावासासमोर चर्चिलचा पुतळा बसला. एक पाय दूतावासाच्या आवारात आणि दुसरा बाहेर अमेरिकेच्या बाजूला, कारण त्याची आई अमेरिकन. तेव्हापासून लोक सर्रास म्हणतात की एक पाय ब्रिटनमध्ये आहे. हे चूक आहे, आणि आपल्या बातम्यांमध्येही "दूतावास म्हणजे त्या देशाची भूमी" हे वाक्य इतक्यांदा येतं की लोकांना ते खरंच वाटतं. जमीन यजमान देशाचीच राहते, राजनैतिक संबंधांबद्दलच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ नुसार फक्त त्या आवारात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि त्याचं रक्षण यजमानाने करायचं. आवार म्हणजे कुंपणाच्या आतलं, बाहेरचा फुटपाथ त्यात धरत नाहीत.

गांधीजींचा पुतळा नेमका बाहेर आहे. आपल्या दूतावासासमोर रस्त्यापलीकडे जो छोटा तिकोनी तुकडा आहे तो अमेरिकन सरकारचा, म्हणून १९९८ ला तिथल्या संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि सप्टेंबर २००० मध्ये आपल्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांसोबत अनावरण केलं. ८ फूट ८ इंचांचा ब्राँझ, हातात काठी, चालत निघालेले, दांडीला निघालेत तसे. मुद्दाम उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला, आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

२०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने मूठ उंचावलेला मंडेला बसवला, तोही याच रस्त्यावर.

पण २०२० ला उघड्यावर असण्याची किंमत कळली. जूनमध्ये गांधींच्या पुतळ्यावर रंग फासला, झाकून ठेवलेल्या पुतळ्याचे फोटो बघून फार वाईट वाटलं, भारतातल्या अमेरिकन राजदूतांनी माफी मागितली, तरी डिसेंबरमध्ये परत त्यावर खलिस्तानचा झेंडा टाकला. दूतावास रस्त्याच्या या बाजूला आणि पुतळा त्या बाजूला, त्यामुळे आपल्या हातात एवढंच होतं की त्यांच्या परराष्ट्र खात्याकडे आणि तिथल्या पोलिसांकडे तक्रार द्यायची.