गाडी घाटात ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी हे वाचा

आमच्या साताऱ्याच्या गॅरेजमध्ये बरेच ग्राहक "टर्बो गेलाय, बदलून द्या" असे ठरवूनच येतात. पिकअप कमी झाला की कोणीतरी तसे सांगितलेले असते. टर्बो खराब होतो, नाही असे नाही. पण तो महागडा भाग आहे, आणि आमच्या अनुभवात दोष बहुतेक वेळा त्याच्या शेजारच्या एखाद्या स्वस्त भागात निघतो. म्हणून आधी तपासणी, मग खर्च, हा आमचा आग्रह.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचे एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर जातो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून पुढे पाठवतात. या वाटेवर रबरी होज आणि क्लॅम्प असतात, आणि तिथेच हवा गळते.

एका डिझेल गाडीला दुसरीकडे टर्बो बदलायला सांगितले होते. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरलाही दम लागायचा आणि मागे काळा धूर. आम्ही होज काढून वाकवला, तेव्हा खालच्या बाजूला बोटभर चीर दिसली. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची, हवेचा दाब आला की उघडायची. अशा जागी तेलकट धूळ जमते, ती पहिली खूण. मग पाइपमध्ये हवा भरून वरून साबणाचे पाणी लावायचे. सायकलची ट्यूब बादलीत बुडवून पंक्चर शोधतात, तेच तत्त्व. होजमध्ये तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तेवढा असतोच.

गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर आम्हीही लावतो, पण तो निकाल देत नाही, दिशा देतो. पी-०२९९ या कोडचा अर्थ 'हवेचा दाब कमी पडला' एवढाच. तो का पडला हे शोधावे लागते. आधी चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून दाबाचा सेन्सर बघतो. तेव्हा तो बाहेरच्या हवेचाच दाब मोजतो, म्हणून साताऱ्याच्या उंचीवर सुमारे ०.९३ बार (दाबाचे एकक) दाखवायला हवा. तिथेच आकडा चुकला तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयित. मग जवळच्या यवतेश्वरच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघतो. बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत आकडा २ बारच्या आसपास किंवा वर जातो. कंपनीने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब यांचा आलेख आम्ही तुम्हालाही दाखवतो.

गाडी अचानक मरगळते आणि बंद करून पुन्हा चालू केली की ठीक होते? मग संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी ताकद आवळलेली असू शकते. काही टर्बोंमध्ये धुराच्या वाटेवरच्या पात्यांचा कोन बदलता येतो; तिथे काजळी साचून पाती अडकली की असे होते. ही पाती हलवणाऱ्या भागाचा (ॲक्च्युएटरचा) बारीक व्हॅक्यूम पाइप तडकला असेल, तर दाब मुळात तयारच होत नाही.

काही वेळा टर्बोचा संबंधच नसतो. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. एक चाक जास्त तापत असेल तर ब्रेक धरलेला आहे. डिझेल फिल्टर तुंबला की काळ्या धुराशिवाय ताकद जाते. मात्र बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून काही ठरवू नका. आणि एअर फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून वापरू नका. कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

टर्बो खरोखरच गेला असेल तर तो का गेला हे शोधल्याशिवाय आम्ही नवा बसवत नाही. बहुधा कारण तेलात सापडते: उशिरा बदललेले, चुकीच्या ग्रेडचे, किंवा तेलाची नळी चोंदलेली. ती तशीच राहिली तर नवा टर्बोही लवकरच जातो. घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन आयडलवर राहू द्या. एकदम बंद केल्यास तापलेल्या बेअरिंगमधले तेल जळून त्याचा कोळसा होतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा. डिझेल गाडीतून दाट निळा-पांढरा धूर येऊन इंजिन आपोआप सुसाट पळू लागले, तर ते टर्बोतून आलेले तेल जाळत असते. तेव्हा चावी बंद करूनही ते थांबेल असे नाही. गाडी थांबवा, ब्रेक घट्ट दाबून धरा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमले नाही किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल, तर हँडब्रेक ओढून सगळे बाहेर पडा आणि लांब उभे राहा.

तपासणीला येताना एवढे आठवून या: त्रास हळूहळू वाढला की एकाएकी, शिट्टी किंवा फुस्स असा आवाज येतो का, धूर कोणत्या रंगाचा. बॉनेटखालचे इंजिन धुऊन आणू नका, गळतीच्या खुणा जातात. कोडही कोणाकडून पुसून घेऊ नका, कारण दोष आला त्या क्षणाचे आकडे त्याच्याबरोबरच पुसले जातात. बदललेला प्रत्येक जुना भाग आम्ही तुमच्या हातात देतो.