सादळलेली पिक

जुलै निम्मा सरला होता. कोथरूडच्या आमच्या घरात आठवडाभर एकही कपडा धड वाळला नव्हता, मिठाच्या बरणीला पाणी सुटलं होतं आणि भाची गिटार मांडीवर घेऊन कुरकुरत होती. "मामा, ही पिक बदललीय. एप्रिलमध्ये अशी नव्हती." तिच्या हातात नायलॉनची, ०.७३ मिलिमीटर जाडीची राखाडी पिक, म्हणजे तार छेडायची चपटी, तिकोनी पट्टी होती. तारा जुन्या झाल्या असतील म्हणून आम्ही नव्या चढवल्या, पण तक्रार कायम राहिली. मग तिनं टॉर्टेक्स नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची पिवळी पिक उचलली, तीही ०.७३ चीच. दोनचार वेळा वरखाली हात फिरवून म्हणाली, "ही मात्र तशीच आहे."

जाडी एक, आकार एक, तरी एक पिक बदलली आणि दुसरी नाही. एवढ्यावरून पुढचे दोन महिने आम्ही हाती लागेल ती पिक वाजवून, वाकवून आणि तोलून पाहिली. तिच्या वर्गातल्या मुलांनीही आपापल्या खिशातल्या आणून दिल्या.

आधी पिक नेमकं काय करते ते पाहू. पिकच्या टोकानं तार बाजूला ओढली की क्षणभर तिचा त्रिकोण होतो. शिखरापाशी पिक, दोन्ही टोकांना तार घट्ट बांधलेली. टोक निसटलं की हा त्रिकोण मोडतो आणि तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी कंप पावते. सबंध तारेचा मूळ स्वर असतो, त्याच्या जोडीला दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. जाड ई तारेचा मूळ स्वर ८२.४ हर्ट्झ, म्हणजे तिचा चौथा हार्मोनिक सुमारे ३३० हर्ट्झ. या सगळ्यांचं आपसातलं प्रमाण म्हणजेच आवाजाचा पोत, आणि ते बरंचसं त्या निसटण्याच्या क्षणी ठरतं.

तार कुठे छेडली, यावर तर फारच अवलंबून असतं. तारेच्या बरोबर चौथ्या भागावर पिक मारली तर चौथा हार्मोनिक उठतच नाही, पाचव्या भागावर मारली तर पाचवा गप्प राहतो. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८००च्या सुमारास हे दाखवलं. माझ्या गिटारची तार ६४८ मिलिमीटर आहे. ब्रिजपासून, म्हणजे खालच्या बाजूला तारा जिथं टेकतात तिथून, १६२ मिलिमीटरवर, साधारण आवाजाच्या भोकापाशी छेडली, तर सुरुवातीच्या कंपविस्तारात तिसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या ११ टक्के भरतो. हात ब्रिजकडे सरकवून ६५ मिलिमीटरवर आणला की तोच २९ टक्के होतो. पिक तीच, जोर तोच, आणि आवाज एकदम धारदार. नव्या पिक्सवर पैसे घालण्यापूर्वी प्रत्येकानं हात चार बोटं पुढे-मागे करून ऐकावं असं मला मनापासून वाटतं, कारण आमच्या सगळ्या तुलनेत हाताच्या जागेनं जितका फरक पडला तितका कोणत्याच पिकनं पडला नाही.

तंबोऱ्यावर यंगचा हा नियम चालत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवरच्या शोधनिबंधात ते मांडलं. छेडण्याच्या जागेमुळे जे हार्मोनिक गप्प राहायला हवेत, तेही तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतात. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे त्याचा ब्रिज, रुंद आणि किंचित गोलाई दिलेली असते. तार तिला सतत चाटत राहते, खाली सरकवलेला जीवाचा दोरा त्या स्पर्शाला नेमकं वळण देतो आणि हरवलेले स्वर पुन्हा जागे होतात. यालाच आपण जवारी म्हणतो. गिटारची तार मात्र पातळ पट्टीच्या एका कडेवर टेकते. छेडताना जे गमावलं ते तिथं परत मिळत नाही. म्हणून गिटार वाजवणाऱ्याला पिक आणि तिची जागा यांची इतकी काळजी वाहावी लागते.

निसटायला किती वेळ लागतो हेही महत्त्वाचं. बोटाचं मऊ पेर तारेवरून सावकाश घरंगळतं. निसटायला एक मिलिसेकंद लागला, तर साधारण १००० हर्ट्झच्या वरचे हार्मोनिक मंदावतात, कारण तेवढ्या वेळात त्यांचं एक अख्खं आंदोलन होऊन जातं. म्हणून बोटाचा आवाज गोल. टोकदार, कडक पिक तार झटक्यात सोडते म्हणून तिचा आवाज लखलखीत. तारांवर संशोधन करणारे लोक तर केसासारखी बारीक तांब्याची तार गिटारच्या तारेभोवती अडकवून ती तुटेपर्यंत ओढतात. दर वेळी सारख्याच ताणाला तुटत असल्यानं छेड अगदी एकसारखी पडते. आम्ही जुन्या वायरीतला एक धागा काढून हे केलं. इतका स्वच्छ सूर त्या गिटारमधून मी कधी ऐकला नव्हता. पिकचा स्वतःचा 'चट्' असा आवाज एरवी सुरात किती मिसळलेला असतो, ते तेव्हा कळलं.

आता जाडी. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली की विरोध आठपट. टॉर्टेक्सचे रंग जाडीप्रमाणे ठरलेले आहेत: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १.००, जांभळी १.१४. लाल आणि निळीत अर्ध्या मिलिमीटरचाच फरक, पण हाताला दोन वेगळ्या वस्तू वाटतात. घरी मोजायचं असेल तर कागद धरायच्या काळ्या क्लिपमध्ये पिक पकडा, टोक सेंटीमीटरभर बाहेर ठेवा आणि क्लिप पुस्तकांच्या चळतीवर पक्की बसवा. टोक स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जेमतेम टेकलं पाहिजे. मग काट्याखाली एक मिलिमीटरचा पुठ्ठा सरकवा. टोक तेवढंच वाकतं आणि त्याला किती जोर लागला ते काटा ग्रॅममध्ये दाखवतो. आमच्याकडे लाल आणि निळीचं गुणोत्तर आठाच्या आसपासच आलं.

पातळ पिक स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला, बरी पडते, कारण ती स्वतः वाकून सहाही तारांना सारखी वाट देते. पण ती तार फार दूर ओढूच शकत नाही. मूळ स्वराला बळ कमी मिळतं आणि प्लास्टिकची चटचट वर उठून ऐकू येते. जाड पिक तारेला हवी तेवढी ओढते, शिवाय तिची कड बहुतेक वेळा गोलसर घासलेली असते, म्हणून एकेक सूर भरीव येतो. भाची डोळे मिटून बसली आणि मी पिक्स बदलून वाजवल्या, तेव्हा लाल आणि निळी तिनं दर वेळी ओळखली. निळी आणि जांभळीत मात्र तिची गल्लत झाली. पुढे जागा बदलून बसलो तेव्हा माझीही झाली.

कडकपणाचं टोक पाहायचं तर नाण्याकडे जावं लागतं. क्वीन या बँडचे ब्रायन मे प्लास्टिकच्या पिकऐवजी जुना ब्रिटिश सिक्सपेन्स वापरतात. हा माणूस खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवलेला, आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत शिकला तो आपल्या पाचगणीला. नाणं वाकत नाही, त्यामुळे हाताची हालचाल जशीच्या तशी तारेत उतरते, आणि कडेचे बारीक दाते सुराला किंचित खरखर देतात. सिक्सपेन्स १९ मिलिमीटरच्या थोडा वर आहे. आपलं गेंड्याचं चित्र असलेलं स्टेनलेस स्टीलचं चार आण्याचं नाणंही जवळपास तेवढंच. ते २०११ मध्ये चलनातून गेलं, पण पुष्कळ घरांतल्या डब्यांत अजून सापडतं. वाजवून पाहिलं. आवाज थक्क करणारा आहे, पण स्टील तारांवरच्या ब्राँझच्या गुंडाळीपेक्षा कठीण, त्यामुळे तारा झिजतात. दोन गाण्यांवर थांबलो.

आपल्याकडे हे शोध पूर्वीच लागलेले आहेत. सतारीची नखी पोलादी तारेची, बोटात घालायची. ती वाकत नाही आणि टोक अगदी बारीक, म्हणून सतारीचा सूर इतका टोकदार. सरोदिये जवा वापरतात, तो नारळाच्या करवंटीचा. मी एक करवंटी फोडून, पॉलिश पेपरवर घासून गिटारसाठी दोन मिलिमीटरची पिक केली. सबंध संध्याकाळ गेली. तिचा आवाज प्लास्टिकपेक्षा कोरडा आणि उबदार आहे, आणि चटचट जवळजवळ नाही. सगळ्या ढिगातली माझी सर्वांत आवडती हीच.

पाश्चात्त्य वादकांची आवडती पिक एके काळी कासवाच्या पाठीची असे. हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवांची त्यापायी आणि कंगव्या-चष्म्यांपायी अपरिमित हत्या झाली. १९७७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि ती हवीच होती. त्याची नक्कल करत १९२२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रेआ यांनी सेल्युलॉइडच्या पिक्स काढल्या. आजही दुकानात जी तपकिरी, ढगाळ नक्षीची पिक मिळते, ती त्याच वंशातली. सेल्युलॉइड छान वाजतं, पण लवकर झिजतं आणि भसकन पेटतं. पुढे नायलॉन आलं आणि १९८१ मध्ये टॉर्टेक्स. टॉर्टेक्स म्हणजे ॲसिटल या जातीचं प्लास्टिक, तेच जे यंत्रांतल्या छोट्या दातेरी चाकांना वापरतात.

भाचीच्या तक्रारीचं उत्तर याच दोन नावांत होतं. नायलॉनचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाण्याच्या रेणूलाही असेच बंध जोडायला आवडतं. दमट हवेतलं पाणी हळूहळू आत शिरतं, दोन साखळ्यांच्या मध्ये बसतं, त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. साखळ्या सरकू लागतात आणि नायलॉन मऊ पडतं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिवडा सादळतो, कुरकुरीत पापड चिवट होतो. तिथं पिष्टाच्या साखळ्यांमध्ये पाणी घुसतं आणि जे काचेसारखं कडक होतं ते रबरासारखं लवचीक होतं. पिकच्या बाबतीतही अगदी हेच. ती सादळली होती. नायलॉनचे नेहमीचे प्रकार पाण्यात बुडवून ठेवले तर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी पितात. ॲसिटल एक टक्काही पीत नाही.

पुण्याची हवा या प्रयोगासाठी जणू मुद्दाम बनवलेली आहे. सिमला ऑफिसची, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेची नोंद पाहिली तर एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते, आणि जुलैत ती ८० च्या आसपास मुक्काम ठोकते. पाऊण मिलिमीटरच्या नायलॉनला ही हवा आत मुरवून घ्यायला काही आठवडे लागतात. म्हणून एका पावसानं काही होत नाही, पण जुलैच्या मध्यावर फरक हाताला लागतो.

खात्री करायची म्हणून बारा राखाडी नायलॉन पिक्सचं एक पाकीट आणि बारा पिवळ्या टॉर्टेक्स सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलल्या. मग घट्ट झाकणाच्या डब्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातल्या, आधी उन्हाच्या एका तिरिपेत तापवून. पिक्स आत ठेवून तीन आठवडे डबा उघडला नाही. बाहेर काढल्यावर नायलॉनचं पाच-साडेपाच ग्रॅमचं वजन सुमारे दोन दशांश ग्रॅमनं उतरलं होतं. पिवळ्यांचा काटा जेमतेम हलला. क्लिप आणि पुठ्ठ्याच्या चाचणीत कोरड्या नायलॉनला वाकवायला आधीच्या जवळजवळ दुप्पट जोर लागला.

हे पिकच्या भाषेत आणून पाहू. कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. मग तो निम्मा होणं म्हणजे जाडी २ च्या घनमुळानं, म्हणजे १.२६ नं भागली जाणं. ०.७३ भागिले १.२६ म्हणजे ०.५८. माझ्या भाचीच्या हातात जुलैमध्ये जी पिक होती तिच्यावर ०.७३ छापलेलं होतं, पण ती वागत होती ०.६० सारखी. तिच्या बोटांना हे काट्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. मी तारांना दोष देत बसलो होतो.

हा हिशोब तिला वहीत मांडून दाखवला. तिनं पेन्सिल घेतली, ०.८८ ला १.२६ नं भागलं, ०.७० आलं आणि ती थेट दुकानात गेली. आता जून संपता संपता तिची गडद राखाडी ०.८८ बाहेर निघते. दिवाळीचा फराळ पुन्हा उघड्या ताटात ठेवता येईल इतकी हवा कोरडी झाली की ०.७३ परत हातात येते.