डीएनए वाकतो तेव्हा

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर रेडिएशनच्या जोडीला जे सिस्प्लॅटिन देतात, तो रेणू अगदी चिमुकला. मध्ये प्लॅटिनमचा एक अणू, त्याला चिकटलेले दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया, बस्स. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तिथे तो शाबूत राहतो. पेशीत क्लोराइड कमी. तिथे क्लोरीन निसटतात, त्यांची जागा पाणी घेतं आणि प्लॅटिनम नवा जोडीदार शोधू लागतं. डीएनएत शेजारी शेजारी बसलेले दोन ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’) दिसले, की दोघांचाही सातव्या क्रमांकाचा नायट्रोजन ते धरून ठेवतं.

डीएनएच्या सर्पिल शिडीत बेस, म्हणजे ही अक्षरं, एकावर एक, ०.३४ नॅनोमीटर अंतराने, जवळजवळ समांतर रचलेले असतात. त्यातले दोन असे एकमेकांकडे ओढले गेले, की ही चळत कलंडते आणि सर्पिल त्या जागी ३० ते ६० अंशांनी वाकतं. अक्षरं बदललेली नाहीत. ‘जीजी’ होतं, ‘जीजी’च आहे. पण प्रत काढणारी एन्झाइम तिथे अडकतात. शिवाय वाकड्या डीएनएला मुळातच चिकटणारं एचएमजीबी१ हे प्रथिन त्या कोपऱ्यात ठाण मांडतं. असे वाक फार साचले, की पेशी स्वतःला संपवून टाकते. कर्करोगाच्या पेशीबाबत हेच तर हवं असतं.

हाच प्रकार औषधाशिवायही घडतो, आणि तोही फुकट. मे महिन्यात दुपारी बाराला लोकलच्या दारात लटकणाऱ्याच्या दंडावर अतिनील-बी किरण पडतात, तेव्हा शेजारच्या दोन थायमिनमध्ये (अक्षर ‘टी’) थेट बंध तयार होतो. (एसी लोकलवाल्यांना काच वाचवते, साध्या काचेतूनही हे किरण फारसे आत येत नाहीत.) इथेही सर्पिल वाकतं, पण बेताचंच. सूर्यप्रकाशाने होणारी दुसरी एक जोडणी, ‘सिक्स-फोर’ नावाची, डीएनएला बरीच जास्त मुरडते.

गंमत पुढे आहे. पेशीतलं एक्सपीसी हे दुरुस्तीचं प्रथिन रासायनिक बदल ओळखत नाही, सर्पिलातला बिघाड ओळखतं. म्हणून जास्त मुरडलेली सिक्स-फोर जोडणी लवकर सापडते आणि कापून काढली जाते. साधी थायमिनची जोडी मागे राहते. ती शोधायला डीडीबी२ या आणखी एका प्रथिनाची मदत लागते. दुरुस्तीची ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असली, तर झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार होतो. अशा मुलांना ऊन म्हणजे त्वचेच्या कर्करोगाला आमंत्रण.

मला स्वतःला जास्त धास्ती वाटते ती न वाकवणाऱ्या बदलांची. श्वसनात तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू ग्वानिनवर एक ऑक्सिजन चढवतात. त्याला ८-ऑक्सोग्वानिन म्हणतात. हा बेस आपल्या दांड्यावर गर्रकन उलटा फिरतो आणि समोरच्या नेहमीच्या सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जोडी जमवतो. जोडी चुकीची, पण सर्पिलाचा आकार जवळजवळ जसाच्या तसा! प्रत काढणारं एन्झाइम फसतं. ८-ऑक्सोग्वानिन शोधायला ओजीजी१ हे वेगळंच एन्झाइम आहे. ते संशयित बेस सर्पिलाबाहेर उलटवून आपल्या खाचेत तपासतं. डीएनएची प्रत निघण्याआधी ते पोचलं नाही आणि नंतरही चूक सापडली नाही, तर आणखी एक प्रत निघताना त्या अ‍ॅडेनिनसमोर त्याचा नेहमीचा जोडीदार थायमिन येतो आणि एका पेशीत ‘जी’च्या जागी ‘टी’ कायमचा बसतो.