तरुण प्रेमकादंबरीचे गुणदोष: कुठून आले, का टिकले

पंधरा ते वीस वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबरीवर बोलणे निघाले की तक्रारी ठरलेल्या असतात. योगायोग फार, गैरसमज उगाच ताणलेला, नायिका गोड पण पोकळ, शेवट गुंडाळलेला. कौतुकही ठरलेले: एका बैठकीत संपते, संवाद खटकेबाज, पहिल्या प्रेमातली धांदल बरोबर पकडली आहे. यातले बरेचसे दोष कधीकाळी गरज म्हणून आले. गरज गेली, सवय राहिली. नागपुरात घडणारी अशी कादंबरी लिहायची किंवा जोखायची असेल, तर ही वंशावळ माहीत असलेली बरी.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या हालांवर आहे. लग्नाआधीचे प्रेम तेव्हाच्या कथेत येणार कुठून? मुलीला समज येण्याआधीच लग्न उरकलेले असे. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. १९४९ साली मुलीचे १५ झाले, आणि १९७८च्या दुरुस्तीने मुलीचे १८, मुलाचे २१. वय वर सरकत गेले तशी शाळा आणि लग्न यांच्यामध्ये काही मोकळी वर्षे तयार झाली. प्रेमकादंबरी उभी आहे ती याच वर्षांवर. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले, मॉरिस कॉलेज १८८५ साली, विद्यापीठ १९२३ साली. मुलगा-मुलगी नातेवाइकांच्या नजरेबाहेर एकाच छताखाली बसण्याची सोय कॉलेजने केली. म्हणून जुन्या प्रेमकादंबरीत कॉलेज असते, पण अभ्यास जवळजवळ नसतो.

त्या कॉलेजला घाट दिला तो ना. सी. फडक्यांनी. 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये त्यांनी कथालेखनाचे तंत्रच मांडले: पकड घेणारी सुरुवात, वाढत जाणारी गुंतागुंत, टिकणारी उत्कंठा. आजच्या प्रेमकादंबरीचा वेग हा याच घराण्याचा वारसा आहे, आणि तो कमी लेखू नये. चौदा वर्षांचे पोर २०० पाने न थांबता वाचते, यामागे तंत्र असते. पण याच तंत्रासोबत योगायोगही आला. कॉलेजात एकत्र बसता येई, मोकळे बोलता येत नसे. मग लेखकाला पाय मुरगळवावा लागे, पावसात छत्री एकच ठेवावी लागे, वह्यांची अदलाबदल करावी लागे. भेटण्याची जागा नव्हती, तिचे काम योगायोग करत होता. आता शिकवणीचा वर्ग आहे, हातात फोन आहे, तरी छत्री सुटलेली नाही. साधा हिशेब असा: ओळख करून देणारा एक योगायोग पहिल्या पन्नास पानांत खपतो. अडचण सोडवणारा योगायोग शेवटच्या पन्नास पानांत आला, की वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

गैरसमजाचेही तसेच. पत्र पोचायला दिवस लागत, ते चुकीच्या हाती पडे, उत्तर येईपर्यंत नायक आगगाडीत बसलेला असे. त्यामुळे साठ पानांचा अबोला खरा वाटे. आज तोच अबोला एका संदेशाने मिटतो, आणि 'तिने विचारले का नाही?' हा प्रश्न वाचक तिसऱ्याच पानावर विचारतो. आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. फोन आईच्या हातात आहे, खाजगी गप्पांचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर गेला आहे, बारावीचे वर्ष म्हणून बाबांनी साधा फोन दिला आहे. इथे बोलणे अडते ते न विचारल्यामुळे नाही, तर विचारण्याची किंमत मोजावी लागते म्हणून. ताण तिथून काढला तर टिकतो.

मराठीत आणखी एक खिंडार होते. किशोरांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, १९७१पासून बालभारतीचे 'किशोर' मासिक होते. तिथे साहस होते, विज्ञान होते, थट्टामस्करी होती. प्रेम मात्र मोठ्यांच्या कपाटात. मधली पायरीच नसल्याने साहसकथा संपवलेला वाचक थेट प्रौढ कादंबरीवर उडी मारी. या उडीची चिंता कोर्टापर्यंत गेली होती. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तो निकाल फिरवला. त्या निकालात किशोरवयीन वाचकाचा विचार मुद्दाम केलेला आहे. प्रेमाचा आणि लैंगिकतेचा उल्लेख असलेले साहित्य या वयाला तसेही उपलब्ध आहे, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. साहित्यचर्चेत हा निकाल अजून जास्त वाचला जायला हवा.

अमेरिकेत ही पायरी आधीच बांधली गेली होती. मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ सालची. १९८३ला सुरू झालेल्या 'स्वीट व्हॅली हाय' मालिकेत फ्रान्सिन पास्कल आराखडा देत आणि लेखकांचा ताफा पुस्तके लिही. ठरावीक लांबी, प्रकरणाच्या शेवटी अडकवणारे वाक्य, दोन वाक्यांत सांगता येईल असा स्वभाव हे सगळे अशा कारखान्यात सोयीचे होते. नायिकेचा पोकळपणा काही अंशी इथून येतो, काही अंशी आपल्याकडच्या पुरुषी नजरेतून. तपासायला एक उपाय आहे. नायक नसलेली प्रकरणे वेगळी काढावीत आणि त्यांत ती काय करते ते पाहावे. आरशासमोर बसून त्याचाच विचार करत असेल, तर ते पात्र अजून लिहायचेच आहे.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) मधल्या पायरीवर नेमकी बसते. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद सांगतो, आणि त्याला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. पण त्याचे अज्ञान वाचकाला कळत राहते, म्हणून एकतर्फी नजर दोष ठरत नाही. तोच खोडकर आवाज उचलला आणि हे अंतर सोडले, तर हाती फक्त मुलीला न्याहाळणारा मुलगा उरतो. इथे कायदाही बदलला आहे. मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा पॉक्सो कायदा २०१२चा, १८ वर्षांखालील सगळ्यांना लागू. नको म्हटल्यावरही पाठलाग करत राहणे २०१३पासून गुन्हा आहे. तिच्या गल्लीत रोज घिरट्या घालणारा नायक जुन्या कादंबरीत चिकाटीचा ठरे. आजची सोळा वर्षांची वाचक त्याला वेगळे नाव देते.

नागपूर हे स्थळ म्हणून घेतले की चुका भाषेत सुरू होतात. धरमपेठेतली पोरे पुण्याच्या सदाशिव पेठेसारखी बोलू लागतात. इथला मुलगा मित्राला 'काय करून राहिला बे' म्हणतो, आजीशी वऱ्हाडी वळणावर जातो आणि पाणीपुरीवाल्याशी सरळ हिंदीत बोलतो. १९५६पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, त्यामुळे ही सरमिसळ घराघरातली आहे. उलट टोकाला जाऊन प्रत्येक वाक्याला 'बे' लावला, तर प्रेमकथेचे प्रहसन होते.

मग स्थळकाळ. फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव, सेमिनरी हिल्सची टेकडी ही ठरलेली ठिकाणे आहेत, हरकत नाही. पण महाल या जुन्या वस्तीतून फुटाळ्याला जायचे तर शहर आडवे ओलांडावे लागते. मे महिन्यात दुपारी दोनला, पारा ४५ अंशांपुढे असताना, कोणी हातात हात घालून तलावाकाठी फिरत नाही. संत्र्याच्या झाडाखालचा कबुलीजबाबही जपून लिहावा. बागा काटोल, नरखेड, वरूडकडे आहेत, आणि फळ आंबिया बहाराचे दिवाळीच्या आसपास, मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुलैच्या पावसात पिकलेली संत्री दिसली, की इथला वाचक पुस्तक मिटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, मात्र फारशी कोणी वापरत नाही. महाल-इतवारीच्या त्या गर्दीत दोघे सहज भेटू शकतात, सहज चुकूही शकतात.

जातीचा प्रश्न तर आडनाव न लिहिता लपवला जातो. दीक्षाभूमीच्या शहरात तो लपत नाही. वस्ती, जयंतीची मिरवणूक, घरातली तसबीर यांतून वाचक ओळखतोच. लेखक गप्प राहिला तर घरच्यांचा विरोध बिनकारणाचा वाटतो, आणि तिथून शेवट गुंडाळला जातो: पळून जाणे, कोर्ट, सही, संपले. एकोणीस वर्षांच्या नायकाला ती सही करताच येत नाही, त्याला २१ पूर्ण व्हावी लागतात. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते, ती कार्यालयात लोकांना दिसेल अशी लावली जाते, आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. म्हणजे दोघांची नावे महिनाभर भिंतीवर, आणि ओळखीचा कोणीही ती वाचू शकतो. बहुतेक कादंबऱ्या हा महिना एका ओळीत ओलांडतात.